रेमेतकडची बशी

फार पूर्वी, समुद्राकाठच्या एका गावात इसाबेल नावाची सुगरण राहायची. तिच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. नाताळ जवळ आला की तिच्या अंगणात कढई चढायची आणि करंज्यांचा वास पार देवळापर्यंत जायचा. त्या दिवसांत पाद्रीबाबासुद्धा प्रवचन जरा आवरतं घेत, असं लोक म्हणत.

त्या गावाची एक रीत होती. नाताळात घरोघरी फराळाच्या बश्या जायच्या, आणि आलेली बशी कुणी रिकामी परत करायचं नाही. कुणी वड्या घालून पाठवायचं, कुणी केळी. रिकामी बशी पाठवणाऱ्याला गाव वर्षभर नावं ठेवी.

एका वर्षी गल्लीच्या टोकाला राहणारा कोळी समुद्रावर गेला तो परतलाच नाही. त्याची बायको रेमेत एकटी उरली. त्या नाताळात इसाबेलने आपल्या आईची निळ्या फुलांची बशी काढली, शिगोशीग भरली आणि रेमेतकडे पाठवली. तेव्हा तिच्या मनात खरंच माया होती, हे सांगायला हवं.

सण सरला. सगळ्या बश्या परत आल्या, रेमेतकडची आली नाही. ईस्टर झाला, पावसाळा उलटला, तरी बशीचा पत्ता नाही. एक दिवस इसाबेल विहिरीवर म्हणाली, "करंज्या खाल्ल्या त्या खाल्ल्या, वर बशीही पचवली."

बायका हसल्या. मागेच रेमेत कळशी घेऊन उभी होती. ती पाणी न भरताच घरी गेली.

पुन्हा नाताळ आला. आदल्या दिवशी बश्या भरता भरता इसाबेलची सून हळूच म्हणाली, "आई, रेमेतमावशीची चूल कालपासून पेटलेली नाही. तिच्याकडे पाठवू का काही?"

इसाबेलचा हात थांबला. पाठवावं, असं तिला वाटलंही. पण बशी आठवली.

"आधी माझी बशी येऊ दे," ती म्हणाली आणि पुढची करंजी उचलली.

संध्याकाळी देवळात गव्हाणीतल्या बाळासाठी तिनेच सगळ्यांत मोठ्या आवाजात गाणी म्हटली.

नाताळच्या सकाळी दारात रेमेत उभी. काखेत गाठोडं, हातात तीच बशी, वर धुतलेलं फडकं. फडक्याखाली मूठभर तांदूळ होते.

"उशीर झाला, बाय," रेमेत म्हणाली. "रिकामी कशी आणू? चिमूट चिमूट तांदूळ बशीत टाकून ठेवायची. मग कधी भूक आवरायची नाही, तेच शिजवून खायची. पुन्हा साठवायची. या वेळी मात्र हात लावला नाही."

घरात तांदूळ असून चूल का पेटली नव्हती, ते इसाबेलला आता कळलं. तिला बशी धरवेना.

"आत ये. जेवून जा."

"होडी थांबायची नाही. बहिणीकडे चाललेय, कायमची. या विहिरीवर मला आता पाणी भरवत नाही." ती रागावली नव्हती. उलट तीच शरमलेली होती, आणि इसाबेलला तेच सोसेना. करंज्या बांधून द्यायला ती आत धावली, बाहेर आली तोवर रेमेत वळणापार गेली होती. इसाबेल किनाऱ्यावर पोचली तेव्हा होडी सुटलेली होती.

त्यानंतर इसाबेल प्रत्येक बशीबरोबर निरोप धाडायची, "रिकामीच परत द्या. नाही दिलीत तरी चालेल." गावाची रीत तिनेच मोडली. फक्त निळ्या फुलांची बशी ती दर नाताळात स्वतः भरून गल्लीच्या टोकाला न्यायची. दाराला कुलूप असायचं. मग ती बशी, भरलेली तशीच, घरी परत यायची.

तात्पर्य एवढंच: ज्याच्याकडे परत द्यायला काही नाही, त्याच्या दारी आधी जावं, आणि ते दार उघडं आहे तोवर जावं.