टिटवीच्या पिसांतले पाणी

एका डोंगराळ जंगलात एक मुंगूस राहत असे. चपळ खरे, पण भारी उतावळे! त्या जंगलात दर उन्हाळ्यात एक लांबलचक शर्यत होई. आधी तळे पोहून जायचे, मग डोंगर ओलांडायचा आणि शेवटी उघड्या माळावरून धावत मोठा वड गाठायचा. सूर्य मावळायच्या आत जो पोहोचेल, त्याचे एक मागणे सारे जंगल मान्य करी. मुंगसाला वडाखालचे गारेगार बीळ हवे होते, म्हणून यंदा ते शर्यतीत उतरले. आजवर एकाही मुंगसाने ही शर्यत पुरी केली नव्हती, त्यामुळे घरची मंडळी त्याला पोट धरून हसली.

मुंगसाने तळे झपाट्याने पार केले. डोंगराच्या पायथ्याशी झऱ्यावर एक भेकर पाणी पीत होते. ते म्हणाले, "अरे, दोन घोट घे. पुढे माळावर थेंब मिळायचा नाही." "थांबला तो संपला!" असे म्हणत मुंगूस पुढे पळाले. बाळांनो, म्हण खरी आहे, पण ती तहानेला कुठे ठाऊक असते? माळावर मुंगसाच्या घशाला कोरड पडली, पाय लटपटले आणि ते एका झुडपाआड कोसळले. मागून आलेल्यांना ते दिसलेही नाही.

डोळे उघडले तेव्हा एक टिटवी आपल्या ओल्या पिसांतले पाणी त्याच्या तोंडात निथळवत होती. शेजारीच खड्यांत तिची चार अंडी होती. अंडी उन्हाने तापू नयेत म्हणून टिटवी दूरच्या डबक्यातून पोटाची पिसे भिजवून आणत असे. मुंगूस शरमले. "मी कोण, ठाऊक आहे ना तुला?"

"न ठाऊक असायला काय झालं? मागच्या खेपेची अंडी तुम्हा मुंगसांनीच खाल्ली," टिटवी म्हणाली. "पण तहानलेल्याला आधी पाणी द्यावं, भांडण मग करावं. ऊठ आता, ऊन उतरतंय. मला पुन्हा डबक्यावर जायचंय."

मुंगूस सर्वांच्या शेवटी, पण सूर्य मावळायच्या आत वडापाशी पोहोचले. शर्यतीचा पंच, एक म्हातारा गवा, म्हणाला, "शाबास! माग, काय हवं?" बीळ समोरच होते. मुंगसाने बिळाकडे एकदा पाहिले, मग मागे माळाकडे वळून ते म्हणाले, "यापुढे एकाही मुंगसाने टिटवीची अंडी खाऊ नयेत."

"अरे, मग आम्ही खायचं काय?" घरची मंडळी ओरडली.

"उंदीर खा, साप खा! हे पाय माझे, पण त्यांना इथवर टिटवीच्या पाण्यानं आणलं," मुंगूस म्हणाले. गव्याने मान डोलावली.

तात्पर्य : शर्यत आपण धावतो, पण ती पुरी होते वाटेत पाणी देणाऱ्यांमुळे, म्हणून मागायची वेळ आली की आधी त्यांच्यासाठी मागावे.