राजाच्या फणसाचा खटला

कायद्यातलं मला सगळं कळतं. म्हणजे कचेरीबाहेरच्या कुठल्या टपरीवर भजी ताजी मिळतात, इथवर नक्की कळतं. आत शिरलो की विसरतो. तरी पोरांनो, आणि पोरांना पुढे करून मागून कान टवकारणाऱ्या थोरांनो, ही गोष्ट ऐका. कचेऱ्या नव्हत्या आणि भजीही कोणाला सुचली नव्हती, अशा फार जुन्या काळातली ती आहे.

तेव्हा डोंगराच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. तिथला राजा मनाने वाईट नव्हता, पण पोटाने हावरा. वैद्याने त्याला फणस बंद केलेला, आणि राणीने वैद्याचा हुकूम पार स्वयंपाकघरापर्यंत पोचवलेला. राजाच्या बागेत त्या साली एकच फणस धरला होता. राजा रोज फणसाकडे बघे, आणि राणी रोज राजाकडे.

एके दिवशी फणस नाहीसा झाला. राजाने लगेच बोट दाखवलं ते एका म्हाताऱ्या बुरुडणीकडे. बागेच्या कडेला बांबूचं बेट होतं, त्यातला बांबू तोडून ती टोपल्या विणायची. राजाने म्हणे तिला भरदुपारी डोक्यावर टोपली घेऊन जाताना पाहिलं होतं. चोरीला शिक्षा एकच, वेशीबाहेर घालवणं. आणि वेशीपलीकडे नुसतं माळरान, बांबूचं पानसुद्धा नाही. म्हातारीने तिथे काय, वारा विणायचा?

दरबार भरला. प्रधानाने थोरल्या महाराजांपासून चालत आलेले नियम सांगितले. आरोपीचं ऐकल्याशिवाय निवाडा द्यायचा नाही. तिच्या बाजूने बोलायला कोणीतरी हवंच. आणि त्या बोलणाऱ्याला ती खासगीत जे सांगेल, ते तिच्या परवानगीशिवाय बाहेर फुटता कामा नये.

राजाने विचारलं, हिच्या बाजूने कोण बोलतो? सगळा दरबार आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. राजाविरुद्ध तोंड उघडायची कोणाची छाती होती? तुमची असती? हसू नका, माझीही नसती.

"मग मीच बोलतो," राजा म्हणाला.

प्रधान चाचरत म्हणाला की फिर्याद महाराजांची, साक्ष महाराजांची, निवाडा महाराजांचा, आणि आता वकिलीही महाराजांचीच? राजा म्हणाला, त्यात काय एवढं. मुकुट घातला की मी न्यायाधीश, पगडी घातली की साक्षीदार, खांद्यावर उपरणं टाकलं की वकील.

उपरणं टाकून तो म्हातारीला खांबाआड घेऊन गेला आणि म्हणाला, सांग, फणस तू नेलास का?  म्हातारी त्याच्या कानाशी लागून म्हणाली, "ते राहू द्या, वकीलबुवा. साक्षीदाराला एवढंच विचारा, भरदुपारी तो झाडाखाली काय करत होता, आणि नंतर हाताला तेल का चोळत होता."

राजाने दोन्ही हात उपरण्याखाली लपवले. फणसाचा चीक तेलाशिवाय सुटत नाही, हे राणीला चांगलं ठाऊक होतं. आणि राणी पुढच्याच आसनावर बसली होती.

आता बघा घोळ. वकिलाला जे कळलं ते साक्षीदाराला कळायला नको. पण साक्षीदार त्याच अंगरख्यात उभा. प्रश्न विचारावा तर राजा बुडतो. न विचारावा तर म्हातारी बुडते, आणि तिच्यासाठी बोलायचं तर सगळ्यांदेखत कबूल केलेलं.

राजाने प्रश्न विचारला. मग धावत जाऊन पगडी घातली आणि गप्प उभा राहिला. मग पगडीवरच मुकुट चढवून सिंहासनावर बसला आणि म्हणाला, "हा प्रश्न आम्ही चालू देणार नाही."

"कारण, महाराज?" प्रधानाने विचारलं. न्यायाधीशाने कारण द्यायचं असतं, हाही नियमच होता.

राजाने कारण शोधलं. एकच सापडलं, आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. तो खाली उतरला, पुन्हा वर चढला, उपरण्याने मुकुट पुसला, माझी पगडी कोणी उचलली म्हणून शिपायावर डाफरला. पगडी मुकुटाखालीच होती. शेवटी तो मधल्या पायरीवर मटकन बसला.

"प्रधानजी, मी आत्ता नेमका कोण आहे?"



तेव्हा राजाने त्या दिवसातलं पहिलं शहाणपण केलं. निवाड्याला प्रधानाला बसवलं, आणि निकाल कसाही लागला तरी प्रधानाच्या केसाला धक्का लागणार नाही, असं मोठ्याने सांगितलं. मग उपरणं हातात धरून विचार करू लागला, हे कोणाला द्यावं?

राणी उठली. "ते इकडे द्या," ती म्हणाली.

म्हातारी राणीच्या कानाशी लागली, आणि राणीने राजाला असं काही सोलून काढलं की विचारू नका. राजाला कबूल करावं लागलं. फणस उतरवायला तो स्वतःच गेला होता. हात चिकट झाले, पण देठ तुटेना. तेवढ्यात पावलं वाजली म्हणून तो विहिरीआड लपला. तिथून दिसली ती म्हातारीची पाठ आणि डोक्यावरची झाकलेली टोपली. टोपलीत काय होतं? ते काही दिसलं नाही.

प्रधान म्हणाला, झाकलेल्या टोपलीवरून कोणाला वेशीबाहेर काढता येत नाही. म्हातारी सुटली. राजाला मात्र राणीने सबंध पावसाळा कडू काढा पाजला.

तात्पर्य काय, तर फिर्याद ज्याची त्याने निवाड्याला बसू नये, आणि आरोपीचा वकील आरोपीचाच असावा, दुसऱ्या कोणाचा नसावा.

मी इथेच थांबणार होतो, पण राजाला कुठे राहवतंय. पुढे एकदा तो एकटाच बांबूच्या बेटापाशी गेला. म्हातारी टोपली विणत बसली होती. इकडेतिकडे बघून राजाने हळूच विचारलं, "आजीबाई, खटला तर संपला. आता खरं सांग, फणस तूच नेलास ना?"

म्हातारीने हातातली बांबूची पट्टी वाकवली आणि मान वर न करता म्हणाली, "हे विचारतंय कोण, महाराज?"