दगड टाकणारी गलबतं

कांदळीची खाडी गाळानं आपोआप भरली, असं सांगणारे खोटं बोलतात. आणि खोटं बोलतोय, हे त्यांना ठाऊकही असतं.

जुन्या जकातघराच्या भिंतीसमोर उभं राहा. चुन्यावर गेरूनं काढलेली गलबतं, आणि प्रत्येक गलबतातून पाण्यात पडणारे दगड. खाडीपलीकडच्या वेळखोल गावातही अशीच भिंत आहे. ही चित्रं कुठून आली, ते होडीवाले दाजी तारी येईल त्याला सांगतात. घाई आहे म्हटलं तरी सांगतात.

रिकामं गलबत समुद्रात कलंडू नये म्हणून त्याच्या तळात दगड भरत. बंदरात माल चढवण्याआधी ते दगड लांब किनाऱ्यावर नेऊन टाकायचे, असा नेम होता. दोन्ही गावांच्या तांडेलांनी, म्हणजे गलबतं हाकणाऱ्यांनी, कंटाळा केला. दगड खाडीतच गेले. त्यांना गाळ अडला, मोठी गलबतं येईनाशी झाली. मग एकमेकांवर आळ, येणंजाणं बंद. ओलांडेल त्याची होडी फोडायची.

कांदळीची येसू गलबतांवर रंगकाम करायची. तिची लेक वेळखोलला दिलेली, पहिलटकरीण, दिवस भरलेले. येसूनं म्हणे शपथ घेतली : दोन्ही गावं आपापला दगड कबूल करीपर्यंत अन्नाला शिवणार नाही. आणि जकातघराच्या भिंतीवर तिनं दोन्हीकडची गलबतं काढली, नावानिशी, दगड टाकताना.

बाबल्या तांडेल भडकला. "गो येसू, आमची गलबतां पूस. आमच्या आज्यान एकय दगड टाकूक नाय."

"मगे तुझो आजो तांदूळ खंय भरी? दगडांच्या माथ्यार?"

लोक हसले. होडी मात्र कुणी दिली नाही.

तिसऱ्या दिवशी पलीकडून हाक आली, लेकीला कळा सुरू झाल्यात. ओहोटी होती. येसू चिखलात उतरली आणि खाडीच्या मधोमध कमरेपर्यंत रुतली. तेवढ्यात भरती लागली. त्या चिखलात होडी चालेना. दोन्ही काठ नुसते ओरडत होते.

तेव्हा बाबल्याच खाली उतरला. "माझ्या पाठसून येवा! हंय दगड आसत, पाय ठरता!"

पलीकडूनही एक म्हातारा तसाच ओरडत निघाला. दगड कुठं आहेत, ते दोघांना नेमकं माहीत होतं. लहानपणी आपापल्या आज्याबरोबर त्यांनीच ते टाकले होते.

येसूला ओढून काढलं, तेव्हा पाणी तिच्या गळ्याशी आलं होतं, असं सांगतात. दिवेलागणीला तिला नात झाली. बंदर काही परत आलं नाही.

आजही शिमग्यानंतरच्या मोठ्या ओहोटीला वेळखोलचे लोक त्याच दगडांवरून चालत कांदळीला येतात आणि इथल्या भिंतीवर आपली गलबतं काढतात. कांदळीचे तिकडे जातात. आपला दगड आपल्या हातानं दुसऱ्याच्या भिंतीवर काढायचा, ही रीत.

यंदा दाजींची गोष्ट संपल्यावर पाहुणे "किती सुंदर!" म्हणत फोटो काढू लागले. भिंतीशी गलबत रंगवत बसलेली वेळखोलची एक बाई मागं न बघताच म्हणाली, "फोटो कसले काढतास? ब्रश घेवा. तुमच्या गावान काय टाकल्यान, ता काढा."