कुलपामागचे गप्पी मासे

नगराध्यक्ष आबासाहेबांचा बंगला तीन वर्षं बंद होता. पोहण्याच्या तलावात हिरवं पाणी साचलं होतं, पण आरोग्य खात्याच्या माणसांना फाटकातूनच परत पाठवलं जाई.

बंगल्यामागच्या वस्तीत डेंग्यूनं माणसं जायला लागली, तेव्हा आबासाहेबांनी सभेत फर्मावलं, "यांची पाण्याची पिंपं ओतून टाका. डास तिथेच होतात."

वस्तीत नळाला चौथ्या दिवशी पाणी येई. पिंपं ओतली तर प्यायचं काय, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

आरोग्यसेविका मंदा खरातांनी एक बरणी टेबलावर ठेवली. आत गप्पी मासे फिरत होते.

"आबासाहेब, हे तुमच्या तलावातले."

"माझ्या तलावात एक डास दाखवा."

"डास कसा दिसेल? हे अळ्याच खातात. तीन आठवड्यांपूर्वी सोडले तेव्हा काडीसारखे होते, आता पोटं बघा. बंद बंगल्यात यांना जेवू कोण घालतंय?"

आबासाहेब लालबुंद झाले. "माझं कुलूप उघडलं कोणी?"

"तुमच्याच वॉचमननं. तो वस्तीतच राहतो. डेंग्यूनं गेलेल्या मुलीला स्मशानात पोचवून आला आणि त्यानं किल्ली माझ्या हातात दिली."

पिंपं ओतायचा विषय त्यानंतर निघाला नाही.