कुंडीतला व्याळ

एका राज्यात बारा वर्षांत एकही मूल मोठं झालं नाही. पाळण्यातलं पाळण्यात राहिलं, रांगणारं रांगत राहिलं. वय वाढे, अक्कल वाढे, अंग वाढत नसे. वैद्य थकले, देवांना नवस बोलून झाले, आणि मुलांचे जुने कपडे विरले की आया त्याच मापाचे नवे शिवून घेऊ लागल्या.

त्या राज्याच्या राजबागेत लिंबाई नावाची माळीण होती. मोठी झाडं उथळ कुंडीत वीतभर उंचीवर राखावीत ती तिनेच. तिच्या हातची चिंच गुडघ्याएवढीही नव्हती, पण शंभर वर्षांची दिसे आणि तिला चिंचा लागत. तिची मुलगी शेवंती अठरा वर्षांची होती आणि आईच्या कमरेएवढी होती.

बारा वर्षांपूर्वी राजा शर्वदमनाला आपल्या डोक्यात पहिला पांढरा केस दिसला होता, आणि तो भ्याला होता. कालकंठ नावाच्या मांत्रिकाने त्याला उपाय सांगितला. सीमेवरचा जुना वड पाडावा, त्याची एक पारंबी काळ्या दगडाच्या कुंडीत रुजवावी आणि तिला व्याळाचा आकार द्यावा: सापाचं अंग, सिंहाचे पंजे, शिंगांचं डोकं. आधी अंग वळवावं, मग मुळांचे पंजे करावेत, शेवटी डोकं सिंहासनापुढे झुकवावं. डोकं झुकलं की राजाला मरण नाही. एवढं सांगून कालकंठाने दक्षिणा म्हणून राजाची सावली मागून घेतली, घडी करून झोळीत घातली आणि तो निघून गेला.

काम लिंबाईकडे आलं. तिला मंत्र ठाऊक नव्हता, झाड ठाऊक होतं. कोवळ्या खोडाला तिने तांब्याची तार गुंडाळली आणि दर ऋतूला थोडं थोडं वाकवत सात वळणं घातली. मग मुळं उघडी करून दगडावर पसरली, कातरली, बांधली, आणि त्यांचे चार पंजे केले. सालीवर खवले उमटले. वारा नसताना फांद्या हलू लागल्या. इतकं देखणं झाड तिने जन्मात केलं नव्हतं. ज्या वर्षी पंजे पुरे झाले, त्या वर्षापासून कोणालाही सीमेबाहेर पाऊल टाकता येईना. तिथे गेलं की पाय जमिनीला खिळत.

एके सकाळी राजा बागेत आला.

"लिंबाई, डोकं कधी झुकणार?"

"तीन दिवसांत, महाराज."

"चौथ्या दिवशी मी तुझं मागेन."

तो गेला, आणि बागेच्या भिंतीवर एक धनेश येऊन बसला. भली मोठी पिवळी चोच, एका पंखाची पिसं झडलेली.

"माळीणबाई," पक्षी म्हणाला, "तुझी मुलगी मोठी कधी होणार?"

लिंबाईच्या हातातली कातर खाली पडली.

"खोड बांधलंस, मुलं खुंटली. मुळं बांधलीस, माणसं खिळली. आता डोकं वाकवशील, तर राज्यातली प्रत्येक मान खाली जाईल. ती पुन्हा वर येणार नाही."

"मग बारा वर्षं का सांगितलं नाहीस?"

"वड पाडला तेव्हा माझी मादी ढोलीत होती. अंडी उबवायला तिने ढोलीचं तोंड लिंपून घेतलं होतं. तिला बाहेर पडता आलं नाही. त्या दिवसापासून मी रोज सांगतोय. तुला वाटायचं, पक्षी ओरडतोय."

"मी डोक्याला हात लावणार नाही," लिंबाई म्हणाली.

"दुसरं कोणी लावील. सोडवायला मात्र बांधणारेच हात लागतात. तार सोड, साल फाटू न देता. पंजे सोड, मूळ तुटू न देता. मग सीमेवर, जुन्या वडाच्या बुंध्याशी, झाड मातीत लाव. पण लाकडातलं वळण नाहीसं होत नाही, बाई. ते सोडणाऱ्याच्या अंगात शिरतं."

लिंबाईने घरी येऊन शेवंतीला सगळं सांगितलं. शेवंतीने विचारलं, "तुला कधीच शंका आली नव्हती, आई?"

लिंबाईला खोटं बोलता आलं असतं.

"आली होती. पहिली तार आवळली त्याच महिन्यात तुझी वाढ थांबली. मी दोन्ही पाहिलं. पण झाड फार सुंदर होत होतं, शेवंती. मी पुढे विचारच केला नाही."

शेवंती आईच्या हातांकडे बघत राहिली. "उद्या मी तुझ्याबरोबर येईन," एवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्यांनी हटकलं. "तार का सोडतेस?"

"सालीत रुतलीय. ती काढल्याशिवाय डोकं वळणार नाही."

ते बाजूला झाले. पहिला वेढा सुटला आणि लिंबाईच्या पाठीत कळ गेली. सातवं वळण मोकळं झालं तेव्हा तिची पाठ सात ठिकाणी वाकली होती; साल कुठेही फाटली नव्हती. नगरातून किंकाळ्या उठल्या. बारा वर्षांची वाढ एका घटकेत हाडांत उतरत होती. शेवंती गवतावर लोळत ओरडत होती. लिंबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात थरथरले असते. पहारेकरी भाले, शेले टाकून आपापल्या घराकडे धावले.

तिने पंजे सोडवायला घेतले. तिसरा सुटला तेव्हा राजा धावत आला.

"थांब! राजपुत्राचा पाळणा मोडला!"

"महाराज, आपलं मूलही वाढत नव्हतं. आपल्याला कारण ठाऊक होतं?"

"वारस पाळण्यात असतो तोवर राजा म्हातारा होत नाही," राजा म्हणाला, आणि त्याने तलवार उपसली.

तेवढ्यात चौथा पंजा दगडावरून सुटला. अडवून धरलेलं म्हातारपण राजाच्या अंगावर एकदम आलं. तलवार त्याला पेलेना. तो खाली बसला, आणि बसला तो पुन्हा उठला नाही.

लिंबाईची बोटं आत वळून नख्यांसारखी झाली होती. तिला ना उभं राहता येई, ना कुंडी धरता येई. मग शेवंती उठली. आईपेक्षा वीतभर उंच झालेल्या तिने पहारेकऱ्याचा शेला अंगाभोवती गुंडाळला, आईला पाठीवर घेतलं, कुंडी कडेवर घेतली आणि सीमेची वाट धरली.

माती लिंबाईने स्वतः उकरली. तेवढ्यासाठी ती बोटं पुरेशी होती. झाड जमिनीत बसताच खवले गळून पडले, खोड सरळ झालं, आणि बघता बघता तिथे वड उभा राहिला. खिळलेले पाय मोकळे झाले. काही माणसं मागे न बघता राज्याबाहेर निघून गेली. धनेशाने नव्या खोडाभोवती तीन फेऱ्या मारल्या. ढोली नव्हती, ती व्हायला शंभर वर्षं लागणार होती. तो एका फांदीवर गप्प बसला.

राजपुत्र गादीवर आला. चालायला तो त्याच आठवड्यात शिकला होता, म्हणून दोघांनी त्याला धरून सिंहासनाशी नेलं. सीमेवरच्या झाडाला कातर लावायची नाही, हा त्याचा पहिला हुकूम. शाप फिटला, राज्य मार्गी लागलं. त्या वर्षी शिंप्यांना उसंत मिळाली नाही.

लिंबाईच्या हातांना घास उचलता येत नव्हता. शेवंती तिला भरवी. एके दुपारी लिंबाईने विचारलं, "तू मला माफ केलंस का गं?"

"अजून नाही," शेवंती म्हणाली, आणि तिने आईसाठी पुढचा घास कालवला.