मागे राहिलेलं पिंप

भंगारातलं लोखंडसुद्धा बोलायचं, त्या काळातली ही गोष्ट. रंगाच्या कारखान्यातलं एक पिंप भंगारवाड्यात आलं. त्याच्या सोबतची पिंपं कापून झाली होती आणि भट्टीकडे जाणारी गाडी भरत आली होती. या पिंपाच्या पोटात रंग पातळ करायचं, चटकन पेट घेणारं थोडं थिनर उरलं होतं, पण सांगितलं तर आपण मागे राहू, या भीतीनं ते गप्प बसलं.

चिमट्यानं त्याला घट्ट धरलं. लोखंड कापणारा गॅस कटर ज्योत पेटवून जवळ आला. आपल्याला धरून चिमटा अगदी पुढ्यातच उभा आहे, आपल्याबरोबर तोही होरपळेल, हे पाहून पिंपाला राहवेना.

"कटरदादा, थांबा! माझ्या पोटात थिनर आहे. भडका उडेल!"

कटरनं झटकन ज्योत विझवली. "अरे, आधी का नाही बोललंस?"

"तुम्ही मला मागे ठेवाल म्हणून."

"मागे तर ठेवावंच लागेल," कटर शांतपणे म्हणाला.

त्या दोघांनी झाकण उघडलं, थिनर काढलं आणि पिंप धुऊन वाऱ्याला ठेवलं. तोवर गाडी निघून गेली. पिंप हिरमुसलं.

चिमटा त्याच्या शेजारी येऊन टेकला. "पुढची गाडी येईपर्यंत मी आहे ना सोबतीला," तो म्हणाला. "तू बोललंस, म्हणून मी आज आहे."