राजाची मिटलेली मूठ

एका राज्यात अशी रीत होती, की पेरणीच्या दिवशी राजाने भर दरबारात बियाण्याच्या टोपलीत हात घालावा, दाणे बोटांत फिरवावे आणि सांगावे, 'हे बी उगवेल.' राजाचा हात बोलला, की मगच राज्यातली तिफण चाले. तलवार काय, कोणीही चालवील. पण ज्याच्या हाताला दाणा कळत नाही तो त्या राज्याचा राजा नव्हे.

तिथला राजा उदयसेन म्हातारा झाला. नजर मंदावली. आठवणीतली माणसे एकमेकांत मिसळली. उजवी मूठ एकदा मिटली ती पुन्हा उघडेना. वैद्यांनी तेल चोळले, राणीवशातल्या बायकांनी विनवून पाहिले. पण त्या मुठीला कोणी हात लावला, की राजा लहान मुलासारखा ओरडे.

राजपुत्र शार्दूलला ते बघवेना. वाघासमोर उभा राहणारा तो, पण बापाच्या खोलीत घटकाभर बसणे त्याला जमत नसे. त्याच्या कानावर आले होते, की सात डोंगरांपलीकडे जादूगार भुजंगनाथाच्या गुहेत एक माणिक आहे. ते म्हाताऱ्याच्या कपाळाला लावले, की म्हातारा तरुण होतो. शार्दूलने घोड्यावर खोगीर टाकले. बापाच्या सेवेला माणसे होतीच.

गुहेच्या दारावर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "राजपुत्रा, मागून घे. उचलून घेऊ नकोस."

शार्दूलला घाई होती. त्याने खजिन्यात दोन्ही हात घातले. माणिक हाती लागले, पण लागले हे त्याला कळलेच नाही. बोटे हलत होती, वळत होती. मात्र त्यांना ऊन कळेना की गार कळेना, मऊ कळेना की कठीण कळेना. भुजंगनाथ अंधारातून पुढे आला आणि त्याने ते माणिक त्याच्या तळहातावरून अलगद उचलून घेतले. "न मागता घेणाऱ्या हातांना हा शाप आहे," तो म्हणाला.

"शाप कसा उतरेल?" शार्दूलने विचारले.

"ज्याच्यासाठी चोरी केलीस, त्याची तीन कामे कर. त्याला सोसेल अशा पाण्याने न्हाऊ घाल. ठसका न लागता त्याला जेवू घाल. आणि त्याच्या मिटल्या मुठीत आहे ते, मूठ न सोडवता घे."

"या मेलेल्या हातांनी?"

"याच हातांनी."

साळुंकी उडून शार्दूलच्या खांद्यावर बसली. म्हणाली, "मी येते बरोबर. तू खोटे सांगितलेस, तर खरे सांगायला कोणी हवे."

पहिल्या दिवशी शार्दूलने घंगाळात पाणी काढले. हात बुडवला, पण हाताला काही समजेना. अंदाजाने तांब्या ओतला, आणि राजा कळवळला. खांदा लालबुंद झाला. साळुंकी म्हणाली, "वाघ मारणे सोपे असते, नाही का?"

शार्दूलने तांब्या खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने पाण्याची बारीक धार बापाच्या पायावर सोडली आणि त्याच्या तोंडाकडे पाहिले. पाणी कढत असले, की राजाची भुवई आखडे. गार असले, की हनुवटी थरथरे. बेताचे असले, की डोळे आपोआप मिटत आणि सारा चेहरा सैल होई. इतकी वर्षे या घरात वाढून शार्दूलने तो चेहरा असा कधी पाहिला नव्हता. उजव्या कानामागे एक तीळ होता, तोही त्याला आत्ताच कळला.

"भिवा, आज पाणी बरे काढलेस," राजा म्हणाला.

भिवा म्हणजे जुना न्हाणीवरचा गडी. तो जाऊनही बरीच वर्षे झाली होती. शार्दूलने आपले नाव सांगितले. राजाने ते आदबीने ऐकून घेतले आणि पुन्हा त्याला भिवाच म्हटले. मग अंग पुसता पुसता तो या भिवाला मुलाच्या गोष्टी सांगू लागला. मुलगा शूर आहे म्हणाला. घरी नसतो. शूर माणसे घरी नसतातच.

"आठवण येते का त्यांची, महाराज?"

"येते. पण त्याला सांगू नकोस. तो लगेच घोड्यावरून उतरेल, आणि लोक त्याला हसतील."

अंग पुसून झाले होते, तरी शार्दूल पुसतच राहिला.

जेवणाचे काम याहून अवघड. मऊ भात कालवायचा. त्यात एक जरी कणी राहिली तरी राजाला ठसका लागे. बोटांना कणी कळत नव्हती. म्हणून शार्दूल प्रत्येक घासातली चिमूट आधी आपल्या जिभेवर ठेवी, आणि मग तो घास बापाला भरवी.

"भिवा, माझे जेवण तूच खातोस," राजाने एकदा बजावले.

"चाखतो, महाराज. विष असले तर?"

"मग लोणच्यातही असेल. ते आण आणि दोघे मिळून चाखू. वैद्य मला देत नाही."

शार्दूलने लोणच्याचा खार बोटाला लावून बापाच्या जिभेवर टेकवला. राजा एक डोळा मिटून हसला. शार्दूलही हसला. त्या खोलीत आपण यापूर्वी कधी हसलो होतो, ते त्याला आठवेना.

पुढे पुढे असे होऊ लागले, की पाखरांच्या आधी शार्दूल उठे आणि चुलीत स्वतः लाकडे सारी. न्हाणीची ती वेळ कधी येते याची तो वाट पाही. एके दिवशी तर शापाची आठवण त्याला थेट दुपारी झाली.

पेरणीचा दिवस जवळ आला. मंत्री म्हणाला, राजाला गुंगीचे औषध देऊ आणि झोपेत मूठ सोडवू. नाहीतर टोपलीत हात कोण घालणार? तुमच्या हाताला तर दाणा कळत नाही; गादी दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल.

"गादी द्या," शार्दूल म्हणाला. "पण उद्याचे पाणी मीच काढीन."

पेरणीच्या सकाळी त्याने रोजच्यासारखे बापाला न्हाऊ घातले. राजा डोळे मिटून बसला होता. मग त्याने ते उघडले.

"भिवा, तुझ्यावर भरवसा टाकतो. माझा मुलगा आला, की हे त्याला दे. त्याच्यासाठी सांभाळून ठेवले आहे."

आणि ती मूठ आपल्या आपण उघडली. आत मागच्या पेरणीचे जोंधळ्याचे दाणे होते. हाताच्या उबेने त्यांना कोंब फुटले होते, आणि पांढरी मुळे तळहाताच्या रेषांतून पसरली होती. राजाने ते शार्दूलच्या हातावर ठेवले.

ओलसर लागले. किंचित टोचले. मग बापाची बोटे लागली, वाळल्या शेंगेसारखी खरबरीत, आणि ऊबदार. शार्दूलने दाणे बोटांत फिरवले. मग हळूच म्हणाला, "हे बी उगवेल."

राजाने मान वर केली. "हे बोल आमच्याच घरातले. शार्दूल, तू कधी आलास?"

"पाणी काढायला आलो होतो, आबा."

साळुंकी उडून गेली आणि चोचीत माणिक घेऊन परतली. म्हणाली, "भुजंगनाथाने पाठवले आहे. मागितले असतेस, तर तेव्हाच दिले असते."

शार्दूलने ते बापापुढे धरले आणि त्याचा गुण सांगितला. राजाने माणिक उलटसुलट फिरवून पाहिले.

"तरुण झालो, तर मला न्हाऊ कोण घालील?" असे म्हणून त्याने ते परत केले. साळुंकी ते घेऊन डोंगरांपलीकडे गेली.

त्या दिवशी भर दरबारात शार्दूलने टोपलीत हात घातला. तिफणी चालल्या. पीक कमरेला लागले.

पेरणीच्या दुसऱ्या सकाळी म्हाताऱ्या राजाने त्याला पुन्हा भिवा म्हणून हाक मारली. नवा राजा तांब्या हातात घेऊन म्हणाला, "जी महाराज."

त्या राज्यात पुढे रीतच पडली. पेरणीच्या दिवशी आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला न्हाऊ घालायचे, आणि त्याच ओल्या हाताने बी उचलायचे.